परतीची सही

६ जानेवारी

आई,

नमस्कार. आम्ही पोचलो. फोन करणार होते, पण मागच्या खेपेला मी "क्वार्टर दुसऱ्या मजल्यावर मिळालंय" म्हटलं आणि तुम्ही "बरं झालं, गोळी घेऊन पड" म्हणालात. चाळीस वर्षं शिलाई मशीनशेजारी बसल्यावर कानांचं दुसरं काय होणार. तेव्हा पत्रच बरं. सासूला पानं भरभरून लिहिणारी सून म्हणून इथल्या शेजारणी माझ्याकडे जरा संशयानंच बघतात.

खोकी सगळी आली, चहाच्या भांड्यांचं तेवढं सोडून. तुमचे चिरंजीव दोन दिवस पातेल्यात चहा करून वाटीतून पितायत आणि "चौकीवर याहून हाल असतात" म्हणून माझीच समजूत घालतायत. त्यांचं वर, बर्फातल्या चौकीवर जायचं ठरलं. तेवीस तारखेला निघतील, नऊ महिन्यांसाठी. तिथे फोन लागत नाही. टपाल जातं, पण हवा मोकळी असेल तेव्हाच, हेलिकॉप्टरनं.

म्हणून एक काम त्यांच्या निघायच्या आत उरकायचंय. पगाराचं खातं. जुन्या बँकेची इथे शाखा नाही, तेव्हा नवीन उघडायचं, दोघांच्या नावानं. या वेळी मी नीट बघून निवडणार आहे, कारण मे महिन्यात त्यातूनच माझी फी जायचीय. हो, मला जागा मिळाली. डोळे तपासायचा दोन वर्षांचा कोर्स, इथल्याच कॉलेजात. सहा वर्षांत आमच्या चार बदल्या झाल्या आणि माझी चष्म्यांची चार दुकानं. प्रत्येक ठिकाणी फ्रेमा पुसल्या आणि लोकांच्या नाकावर बसवल्या. आता मला नंबर काढायचाय. ही बदली निदान अडीच वर्षांची आहे, म्हणजे कोर्स पुरा होईल. तीस मेपर्यंत फी भरली नाही तर जागा यादीतल्या पुढच्याला जाते.

मी वही केलीये. फौजी कुटुंबांसाठी खास सोयी असलेल्या दोन जागा आहेत. एक मोठी बँक, तिचं ते 'वर्दी खातं'. दुसरी सैनिक कुटुंबांची पतपेढी, जिचं पासबुक तुमच्या मशीनच्या खणात असतं. रकाने आखलेत: शाखा, मोबाईलवरची सोय, व्याज, बदलीनंतरचा त्रास, सुट्ट्या. आत्तापर्यंत बँकेला अकरा गुण, पतपेढीला चार. तुमचं मत कळवा, एक रकाना मोकळा ठेवलाय.

बाबांना नमस्कार.

तुमची
चष्मेवाली

१४ जानेवारी

चष्मेवालीस,

कोर्सला जागा मिळाली ही एवढी मोठी बातमी तू वाटीतला चहा आणि वहीतले रकाने यांच्या मधे कोंबून लिहिलीस. असं करतात होय? तुझ्या सासऱ्यांना पत्र वाचून दाखवलं. ते माझ्यासाठी बॉबिन भरत बसले होते, थांबले आणि म्हणाले, "परत वाच." मी परत वाचलं. त्यांचं महिन्याभराचं बोलणं त्यात आलं असं समज.

लांब्याला सांग, मोज्यांचे चार जोड पाठवतेय. त्याच्या मापाचे बाजारात मिळत नाहीत, त्याला मी काय करू. शाळेत होता तेव्हापासून दर वर्षी त्याच्या पँटी उसवून लांब करतेय.

खात्याचं म्हणशील तर पतपेढीत उघड आणि ती वही मिटून टाक. कारण विचारशील, म्हणून सांगते. मोठ्या बँकेत मधे काच असते, काचेला भोक असतं, आणि ते भोक कुणाच्याच तोंडासमोर नसतं. माणसाला वाकून बोलावं लागतं. पतपेढीत टेबलासमोर खुर्ची असते. बसून बोलता येतं. हा रकाना आहे का तुझ्या वहीत?

बाकीची कारणं पत्रात लिहिण्यासारखी नाहीत. यांना म्हटलं, तुम्ही तरी चार शब्द सांगा, तर उठले आणि मशीनला तेल घालायला लागले. तेल कालच घातलं होतं.

मोजे धुऊन मगच घाल म्हणावं.

आई

२५ जानेवारी

आई,

ते परवा गेले. सकाळी ट्रक आला, सामान चढवलं, आणि सगळ्या बायका हसत हात हलवत होत्या, म्हणून मीही हलवला. मग घरी येऊन वाटी धुतली. मोजे घालूनच गेलेत. धुतले नाहीत, वेळच नव्हता, रागावू नका.

तुमचा शब्द मोडायच्या आधी मी दोन्ही ठिकाणी जाऊन आले, हे लक्षात घ्या. पतपेढी बेकरीच्या मागे दोन खोल्यांत आहे. बाक आहे, पंखा आहे, पासबुक हातानं भरतात आणि दुपारी दीड तास दार लावून जेवतात. मोबाईलवरच्या सोयीचं विचारलं तर तिथला माणूस म्हणाला, "आहे, पण सध्या चालत नाही, तुम्ही याच ना." आणि खुर्ची पुढे सरकवली. खुर्ची चांगली आहे, मान्य. पण आई, आम्हाला दर दीड-दोन वर्षांनी चंबूगबाळं उचलायचं असतं. खुर्ची बरोबर नेता येत नाही.

तर मोठ्या बँकेत उघडलं. अर्ध्या तासात काम झालं. फॉर्म मीच भरला, तुमचे चिरंजीव नुसते सह्या करत होते. एकच चौकोन सोडला. तो कसला, ते लिहीतही नाही. निघायच्या तोंडावर असलं काही भरायचं नसतं. हे म्हणाले, "भर गं, चौकोनच तर आहे." मी पेनच पर्समध्ये टाकलं.

आता खरं सांगा, रागवायचं नाही. तुमच्या गावच्या पतपेढीतल्या त्या कॅशियरबाई तुमच्या मैत्रीण. आमचं खातं त्यांच्या नजरेखाली असलं म्हणजे सून किती उडवते ते तुम्हाला घरबसल्या कळलं असतं, असं तर नव्हतं ना? गंमत करतेय. थोडी.

तुमची
चष्मेवाली

५ फेब्रुवारी

चष्मेवाले,

थोडी गंमत आणि बाकीचं खरं, हे मला कळतं. मी लोकांची मापं घेते, बाई. पोट आत ओढून उभा राहिलेला माणूस मला टेप लावायच्या आधी ओळखू येतो.

तुझ्या खर्चाशी मला काय करायचंय? तू उडवत असतीस तर मी उलट खूश झाले असते, निदान एखादी धड साडी तरी घेतली असतीस. आणि कॅशियरबाई माझी मैत्रीण आहे ती वेगळ्या कारणानं. तिनं आजवर मला कुणाच्या खात्यातलं चकार अक्षर सांगितलेलं नाही. मीही विचारलेलं नाही.

उघडलंस ना, आता झालं. बँक चांगलीच असेल. फक्त एक सांग, तो चौकोन कसला होता?

ट्रक गेल्यावर घरी येऊन वाटी धुतलीस, ते वाचून मला काय वाटलं ते लिहिता येत नाही. यांचा ट्रक गेला तेव्हा मी तांब्या धुतला होता. चकचकीत असलेला.

नीट जेवत जा.

आई

२८ मार्च

आई,

उत्तराला फारच उशीर झाला. सगळं ठीक आहे. दुकानात जास्त तास घेतलेत, त्यामुळे वेळ होत नाही. कागद संपले म्हणून दुकानातल्या नंबराच्या चिठ्ठीमागे लिहितेय. त्यांचं एक पत्र आलं, तब्येत चांगली आहे, मोजे उबदार आहेत. उन्हाळा सुरू झालाय. बाबांना नमस्कार सांगा. काळजी करू नका.

तुमची
सून

६ एप्रिल

अगं,

दोन महिन्यांनी पत्र, त्यात आठ ओळी, आणि एकही टोमणा नाही. खाली "सून" म्हणून सही. मी ते तीनदा वाचलं आणि मग यांच्याकडे दिलं. यांनी वाचून चिठ्ठी उलटी केली, नंबराचा कागद बघितला आणि म्हणाले, "हिच्याकडे कागद घ्यायला पैसे नाहीत."

मी म्हटलं, काहीतरीच काय, लांब्याचा पगार येतो. तर म्हणाले, "विचार."

म्हणून विचारतेय. तू चौकोनाचंही उत्तर दिलेलं नाहीस. शिवण आतून उसवली की बाहेरून कापड ठीकच दिसतं, पण मी ते हातात धरलंय. सरळ लिही. मी तुझ्यावर रागावले तरी किती रागावणार, इथून?

आई

१५ एप्रिल

आई,

बाबांना कसं कळलं?

लिहिते. त्या चौकोनात विचारलं होतं, पैसे कोण काढू शकेल. आणि पर्याय छापला होता, "दोघांपैकी कोणीही, किंवा एकाच्या पश्चात दुसरा." ते शेजारी बसले होते, तीन दिवसांनी वर जाणार होते, आणि मी माझ्या हातानं त्या "पश्चात"पुढे खूण करायची? माझा हात चालेना. मला वाटलं, मोकळा सोडला तर काय बिघडतं.

बिघडलं ते असं, की चौकोन मोकळा असला तर बँक दोघांच्या सह्या मागते. प्रत्येक वेळी. पगार दर महिन्याला येतो, मला मोबाईलवर दिसतो, वर्दी खात्याचा छान निरोपही येतो. पण हात लावता येत नाही. खिडकीतला मुलगा इतका गोड बोलतो की भांडताही येत नाही. "मॅडम, सर आले की दोघं या, दोन मिनिटांचं काम आहे." बदल करायचा तर दोघांनी समक्ष यायचं, असा नियम आहे. मी काचेच्या भोकाशी वाकून सांगितलं, सर बर्फात आहेत. तो म्हणाला, "सरांना आमचा नमस्कार सांगा."

जिनं बारीक अक्षरं वाचण्यावर पोट भरलं तिनं हे करावं. वहीत एवढे रकाने आखले आणि चौकोन सोडला. तुम्ही विचारलंत तेव्हा पहिला पगार अडकून चार दिवस झाले होते. तुमचा शब्द मोडून बँक निवडली होती, आता कुठल्या तोंडानं सांगू, म्हणून गप्प बसले. घर दुकानाच्या पगारावर चाललंय, उपाशी नाहीये. पण फी त्यात बसत नाही. तीस मे दीड महिन्यावर आलीये.

त्यांना यातलं काही कळवलेलं नाही. वर बसून ते करणार काय, नुसता जीव टांगणीला.

एक उपाय आहे. पैसे काढायच्या फॉर्मवर दोन सह्या हव्यात. त्यांची सही म्हणजे दोन वेटोळी आणि एक शेपूट. मी आठवडाभर सराव केलाय. आता माझी मला ओळखू येत नाही. पैसे आमचेच, पगार त्यांचा, फी माझी, चोरी कुणाची केली? ते आले की सांगेन, हसतील. तरी तुम्हाला विचारल्याशिवाय करायला नको वाटलं. महिनाअखेरपर्यंत थांबते, मग जाते.

चष्मेवाली

२० एप्रिल

पोरी,

जाऊ नकोस. हे आधी लिहिते, बाकीचं सावकाश वाच.

सही जुळणार नाही म्हणून जाऊ नको म्हणत नाहीये. जुळेल. तीच तर भीती आहे.

लांब्या तीन वर्षांचा होता तेव्हा हे असेच वर गेले. खातं एकट्या यांच्या नावावर, तेव्हा तसंच असायचं. निघताना यांनी पैसे काढायच्या सहा चिठ्ठ्यांवर सह्या करून ठेवल्या, महिन्याला एक. सहा महिन्यांत येणार होते. बर्फ पडलं, वाट बंद झाली, बदली टोळी पोचली नाही आणि सहाचे तेरा महिने झाले.

सातव्या महिन्यात माझ्याकडे चिठ्ठी नव्हती. घरात पोरगं, मशीन हप्त्यावरचं, आणि बँकेतला माणूस म्हणायचा सही आणा. मग मी काय केलं? यांची सही असलेली जुनी पावती खिडकीच्या काचेला लावली, वर कोरी चिठ्ठी ठेवली आणि सही उतरवली. कापडावर नक्षी उतरवतात तशी. हात माझा सरळ आहे, तुला माहीत आहे. तिसऱ्या महिन्यानंतर काच लागेना. सात महिने मी यांची सही केली आणि सात महिने बँकेनं मान वर न करता पैसे दिले. मला तेव्हा माझी हुशारीच वाटली.

हे परत आले ते उजव्या हाताची दोन बोटं आणि अंगठ्याचं पेर बर्फात ठेवून. आल्यावर चौथ्या दिवशी म्हणाले, आता पैसे मी काढतो, तू खूप केलंस. मी बरोबर गेले. यांनी खिडकीत चिठ्ठी दिली. आतला माणूस म्हणाला, सही जुळत नाही. परत केली. जुळत नाही. तिसऱ्यांदा करताना यांच्या कपाळावर घाम आला होता आणि मागे रांगेत लोक कुजबुजत होते. तो माणूस वैतागून उठला, आतून गठ्ठा आणला आणि गेल्या महिन्याची चिठ्ठी काचेला लावून म्हणाला, "ही बघा खातेदाराची सही. अशी करा, नाहीतर खातेदाराला पाठवा."

ती चिठ्ठी माझी होती.

मी खांबाला टेकून उभी होते. यांनी ती सही बघितली. आपण सहाच चिठ्ठ्या दिल्या होत्या हे यांना पक्कं माहीत. मग मान वळवून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता हे म्हणतील ही माझी नव्हे, आणि मी इथून थेट पोलीस चौकीत. हे त्या माणसाला म्हणाले, "बरोबर आहे तुमचं. माझीच सही आहे ती. आज माझा हात ठीक नाही." आणि चिठ्ठी घडी करून खिशात घातली.

पायऱ्या उतरताना एवढंच बोलले, "माझी सही तू माझ्यापेक्षा चांगली करतेस." त्यानंतर आजतागायत त्या बँकेत पाऊल टाकलं नाही. मला कधी एका शब्दानं बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

मला वाचवलं यांनी. पण त्या खिडकीत खरा माणूस खोटा ठरला, तो माझ्या सरळ हातामुळे. लांब्या खाली येईल तेव्हा त्याचा हात कसा असेल ते तुला-मला माहीत नाही. चांगलाच असेल. पण कसाही असला तरी त्याची सही त्याच्यासाठी मोकळी ठेव.

त्याच महिन्यात पतपेढीची शाखा इथे नवीन उघडली होती, एक खोली आणि एक टेबल. कॅशियरबाई तेव्हा नवी नवरी होती, तिचाही नवरा वरच. मी तिला सगळं सांगितलं, चिठ्ठ्यांसकट. ती टेबलामागून उठून यांच्या शेजारच्या खुर्चीत येऊन बसली. कोरी वही उघडली आणि म्हणाली, "जुनी सही मला नकोच. आजपासून आमच्याकडे जो परत येईल तो नव्यानं सही करेल. हात बदललेला असो नाहीतर नसो." यांनी डाव्या हातानं केली. त्याला परतीची सही म्हणतात, सगळ्या शाखांत आहे. कुणाला काय झालं, कुणी विचारत नाही. सगळेच करतात, त्यामुळे कुणी वेगळं दिसत नाही. वही त्या दिवसापासून चालू आहे.

हे कारण होतं. वहीत मावणारं नव्हतं आणि ही गोष्ट यांची होती, म्हणून मी लिहिली नाही. आज यांना विचारलं, सुनेला सांगू का? तर म्हणाले, "उशीर केलास."

एक गोष्ट मला अजून टोचते. त्या तेरा महिन्यांत मी यांना तीनच पत्रं लिहिली. दिवसभर मशीन, पाठीचा पार कणा मोडायचा, आणि लिहिणार काय? खोट्या सह्या करतेय म्हणून? आता तुला लिहिते त्याच्या अर्धी पत्रं यांना लिहिली असती तरी चाललं असतं.

काल मी कॅशियरबाईला भेटले. ती आता पतपेढीची सचिव आहे. बेकरीमागच्या शाखेला तिनं निरोप दिलाय. तू उद्याच्या उद्या जा आणि त्या खुर्चीत बस.

आई

१२ मे

आई,

सरावाचे सगळे कागद फाडले. अकरा होते. शेवटच्यावरची सही खरंच सुंदर आली होती, ती सगळ्यात शेवटी फाडली.

खुर्चीत बसले. पतपेढीनं आधी एकट्या माझ्या नावाचं खातं उघडलं, आणि फीसाठी उचल दिली. फी काल भरली. पावती तीनदा वाचली, बारीक अक्षरांसकट. मग खातं दोघांच्या नावाचं करून पगार इकडे वळवायचा फॉर्म त्यांनी थेट पलटणीकडे पाठवला. तो टपालाबरोबर वर जाईल, हे आपल्या अधिकाऱ्यासमोर सही करतील आणि परत येईल. मी विचारलं, त्यांना समक्ष यायला नको? तिथला माणूस म्हणाला, "त्यांनी कशाला यायचं? ते कामावर आहेत."

त्या फॉर्मवरही तोच प्रश्न आहे, पैसे कोण काढेल. मी आधीच डोळे मिटायच्या तयारीत होते. पण तिथे छापलंय, "दोघांपैकी जो समोर असेल तो." मी लगेच खूण केली.

तुमचं पत्र मी चार वेळा वाचलं. बाबांना काय लिहावं कळत नाही. त्यांना फक्त नमस्कार सांगा, पण नेहमीचा नको.

माझ्या आचरटपणाबद्दल क्षमा मागायची होती. खर्चावर नजर वगैरे.

तुमची
चष्मेवाली

२२ मे

चष्मेवाले,

नेहमीचा नको म्हणजे कसला नमस्कार करू? मी आपलं पत्रच यांच्या हातात दिलं. वाचून चष्मा पुसत बसले, आणि मग म्हणाले, यातला नंबर वाढलाय, तीच काढेल आता.

क्षमा कसली? नजर मी ठेवतेच. सोबत पांढरा कोट पाठवतेय, कॉलेजात घालायचा. डाव्या खिशात आत अजून एक खिसा आहे, बॅटरी ठेवायला. डोळे तपासणाऱ्या डॉक्टरांकडे मी जाऊन बघून आले, त्यांचा कोट वेडावाकडा शिवलाय कुणीतरी. बाह्या जरा लांब ठेवल्यात. आखडल्या तर उसवून घेता येतात, आखूड कापलं की संपलं.

आई

४ नोव्हेंबर

आई,

सुट्टी संपवून तुमच्याकडून कालच इथे परत आलो. आठवडाभर समोरासमोर होतो, तरी एक गोष्ट बोलायची राहिली, म्हणून लगेच पत्र. समोर मला रडू आलं असतं आणि तुम्ही "काय झालं, दात दुखतोय का" विचारलं असतं.

निघायच्या आदल्या सकाळी आम्ही "जरा फिरून येतो" म्हणून गेलो, ते पतपेढीत. यांची परतीची सही कुठल्याही शाखेत करता येते, आणि मला ती तुमच्या गावच्या शाखेतच करून घ्यायची होती. सचिवबाई स्वतः उठून यांच्या शेजारी बसल्या. यांनी सही केली. तुमचे चिरंजीव नऊ महिने बर्फात राहून आले आणि सही तश्शीच, दोन वेटोळी आणि शेपूट. जरा हिरमुसलेच.

मग बाईंनी वही माझ्याकडे सरकवली. मी म्हटलं, मी कुठे गेले होते? त्या म्हणाल्या, "घरी राहिलेल्याचीही बदलते. इथे दोघांनी करायची असते." मी केली. खरंच बदललीये. जानेवारीतल्या बँकेच्या फॉर्मवर मी त्यांच्या सहीखाली चिमटीत मावेल एवढी केली होती. आता अर्धी ओळ लागली.

तेव्हा मला आठवलं, दोघांनी करायची असते हे तुम्ही लिहिलं नव्हतं. मी बाईंना पहिली वही दाखवा म्हटलं. आधी नको म्हणाल्या, मग यांच्याकडे बघून काढली.

पहिल्या ओळीत बाबांची सही. डाव्या हाताची, शाळेतल्या मुलानं काढावी तशी, पण ओळ सोडलेली नाही. त्याखालची ओळ तुमची. तिथे परत बाबांचंच नाव आहे. अतिशय सुंदर, वळणदार, एका दमात केलेलं. मग त्यावर काट. आणि पुढे अंग चोरून, वाकडंतिकडं, तुमचं नाव.

बाई म्हणाल्या, पेन हातात दिल्याबरोबर तुम्ही सवयीनं त्यांचीच सही केलीत, आणि मग तोंडाला पदर लावून बसलात. स्वतःची सही कशी करायची ते तुम्हाला आठवेना.

हे मला का नाही सांगितलंत? मी त्या काट मारलेल्या नावावरून बोट फिरवलं. हे दाराशी जाऊन उभे राहिले, पाठ करून.

मोठ्या बँकेतलं खातं आता बंद करतोय. दोघं समक्ष जाणार आहोत, दोन मिनिटांचं काम आहे.

तुमची
चष्मेवाली

१३ नोव्हेंबर

सूनबाई,

हे पत्र तुझ्या सासऱ्याचं. डावा हात आहे, दोन दिवस लागले, अक्षर लावून घे.

तुझं पत्र वाचून ती मशीनवर बसली आहे. सकाळपासून एकच टीप घालते आणि उसवते. उत्तर लिही म्हटलं तर म्हणते, तुम्हीच लिहा, माझी अब्रू गेली.

तिनं तुला लिहिलं की तिनं मला तीनच पत्रं लिहिली. खरं आहे. वर टपाल आलं की सगळ्यांच्या नावाचा पुकारा व्हायचा आणि माझ्या नावाचा व्हायचा नाही. मी मनात धरलं होतं. घरी ही मला विसरली, असं मला वाटायचं. उतरताना ठरवलं होतं, गेल्यावर विचारायचं.

मग त्या माणसानं बँकेत काचेला चिठ्ठी लावली. त्याच्या हातात गठ्ठा होता, वरची एक मला दिसली. मी नाव वाचलं. माझंच नाव, आणि माझ्या हातानं कधी आलं नव्हतं इतकं नीट. खाली तारीख मागच्या महिन्याची. मला कळलं, ही दर महिन्याला बसून माझं नाव लिहीत होती. मग विचारायचं काही राहिलं नाही. मी त्या माणसाला खोटं सांगितलं नाही. ती सही माझीच होती.

तिला वाटतं मी तिला वाचवलं आणि मनात ठेवलं. इतक्या वर्षांत सांगायला हवं होतं. मला बोलायला जमत नाही. आता हे पत्र टाकायच्या आधी तिला वाचायला देतो.

ती घडी केलेली चिठ्ठी माझी होती, न जुळलेली. ती मी फेकली. काचेवरची मात्र मागितली होती. त्यांनी दिली नाही.

पतपेढीच्या वहीत तिनं काट मारली तेव्हा मी म्हटलं होतं, राहू दे. तिनं ऐकलं नाही.

लांब्या परत वर जाईल, आज ना उद्या. त्याला पत्र लिहीत जा. अभ्यासानं वेळ मिळणार नाही, पाठ दुखेल, लिहायला काही सुचणार नाही. तेव्हा नुसतं त्याचं नाव लिहून पाकिटात घाल.

पोचतं.

बाबा